कच्ची डिस्क

“सर, थांबली,” मयुरा म्हणाली.

नत्थूजींनी मेथी निवडता निवडता मान वर केली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्याच्या अलीकडेच उभी होती. मघाशी ती मुंगीच्या चालीनं का होईना, पुढं सरकत होती. आता हलत नव्हती. डिस्क फिरल्याचा आवाज यायचा, बंद व्हायचा, आणि पुन्हा घर्र करून सुरू व्हायचा. पाढा म्हणताना एखादं मूल एकाच ठिकाणी अडतं आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतं, तसं काहीसं चाललं होतं.

“थांबू दे. जुनी आहे ती. तिला वेळ लागतो.”

“किती जुनी?”

“तुझ्यापेक्षा मोठी.”

“मंग तर लयच जुनी,” मयुरा म्हणाली आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसली. समोर तिची गणिताची वही उघडी होती, पण तिचं सगळं लक्ष हिरव्या पट्टीकडे होतं.

थोड्या वेळानं पडद्यावर एक चौकोन आला. फाइल वाचता येत नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं.

नत्थूजी निमजे महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायचे. निवृत्तीनंतर ते मनीषनगरच्या या गल्लीत राहायला आले. अंजनाबाई गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगा अंकित पुण्याला. त्यानं स्वतःसाठी लॅपटॉप घेतला तेव्हा जुना कॉम्प्युटर इथं आणून बसवला आणि वडिलांना तो चालवायला शिकवला. वर्षानुवर्षं चाळीस-चाळीस मुलांना बेरजा शिकवलेल्या माणसाला शिकायला लाज वाटली नाही. सर्वांत आधी त्यांनी अंकितच्या लग्नाच्या डिस्क उतरवून घेतल्या. त्यात अंजनाबाई पंगतीत मठ्ठा वाढता वाढता कॅमेऱ्याकडं बघून म्हणतात, “माझं काय काढता? जेवणाऱ्यांचं काढा.” एवढंच. तेवढं त्यांनी आधी कॉम्प्युटरमध्ये ठेवलं, मग पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तो पेन ड्राइव्ह अंकितकडं पाठवून दिला.

गल्लीत ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही. डिस्क लावायचे डबे घरोघरी बिघडून माळ्यावर गेले होते, डिस्क मात्र कपाटात होत्या. कोणी बारशाची आणली, कोणी वास्तुपूजनाची. नत्थूजी प्रत्येकीच्या दोन प्रती करत. एक ज्याची त्याला देत आणि दुसरी आपल्याकडं ठेवत.

“दोन काहून?” मयुरानं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“एक प्रत म्हणजे एकही नाही. तुझ्या घरात पाणी शिरलं तर माझ्या घरातली राहील. माझ्या घरात शिरलं तर तुझ्या.”

“अन् दोघांच्याही घरात शिरलं तं?”

“मग तिसरी हवी,” नत्थूजी म्हणाले. मुलांचे प्रश्न त्यांना आवडत, अडचणीत आणणारे विशेष.

मयुरा सहावीत होती. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती सरांकडं बसे. अपूर्णांकांचा तिला राग होता. कॉम्प्युटरवर डिस्क उतरवायचं काम दिलं, की राग विसरून ती अर्धं, पाव, पाऊण अशी हिरवी पट्टी मोजत बसे, आणि अपूर्णांक तिच्या नकळत तिला येऊ लागले होते.

आत्ता ड्राइव्हमध्ये होती ती डिस्क आदल्या दिवशी पंचफुलाबाईंनी आणली होती.

पंचफुलाबाई गल्लीच्या टोकाला राहत. त्यांचे यजमान भैय्याजी लांजेवार कूलरचे मेकॅनिक. होळीपासून पाऊस पडेपर्यंत भैय्याजींना नागपुरात जेवायला फुरसत नसे, आणि उरलेलं वर्ष ते अंगणातल्या टिनाच्या शेडखाली गंजलेल्या कूलरांमध्ये बसून जळालेल्या मोटारींत नवी तार भरत. त्यांना एकच मुलगी झाली, दामिनी. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. लहानपणापासून निम्मं आयुष्य तिनं दवाखान्याच्या खाटेवर काढलं, आणि दहावीच्या वर्षात ती गेली.

पंचफुलाबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“गुरुजी, हे पाहता काय जी?”

“या ना आत. कशाची डिस्क?”

“दामिनीची.”

नत्थूजींनी फडकं दोन्ही हातांनी घेतलं.

“तो जितेंद्र नाही काय, शूटिंगवाला,” पंचफुलाबाई खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाल्या. “त्याचा कूलर आमच्या अंगणात दुरुस्तीले व्हता. वाट पाहत बसला, तं त्यानं नवा कॅमेरा पोट्ट्यायवर चालवून पाहिला. पोट्टे दवाखाना-दवाखाना खेळून राहिले व्हते. मंग त्यानं ही करून देली. म्हणे, काकू, चमकत्या बाजूले बोट लावू नका, बाकी हिले काही होत नाही. मी कधीच नाही लावलं जी.”

“कधी पाहिली होती शेवटची?”

“ते गेली त्याच साली. मंग डबा बिघडला. आमच्या यायनं दुरुस्त नाही केला. दुनियेच्या मोटारी करते, तेवढा डबा नाही केला. तिचा आवाज आला का हे उठून बाहीर जात. मंग मी देवाजवळ ठेवून देली. तवापासून तेथंच हाये.”

“आणि आता काय झालं?”

पंचफुलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“परवा जेवता जेवता म्हणे, पंचफुला, पोरीचा आवाज मले आठवून नाही राहिला. चेहरा दिसते म्हणे, ओठ हालते म्हणे, पण आवाज येत नाही. हात तसाच ताटात. यायनं असं कधी म्हटलं नव्हतं, गुरुजी. इतक्या वर्षात तिचं नावही नाही घेतलं.” त्या उठल्या. “तेवढा आवाज काढून द्या. बाकी चित्र नसलं तरी चालन.”

तो आवाज आता अर्ध्याच्या अलीकडं अडला होता.

नत्थूजींनी डिस्क बाहेर काढली. चष्म्याच्या मऊ कापडानं चमकती बाजू पुसली, मधून कडेकडं, सरळ रेषेत. गोल पुसायचं नसतं हे त्यांनी मयुराला पूर्वीच शिकवलं होतं. पुन्हा लावली. पट्टी त्याच जागी थांबली. आणखी एकदा लावली. तिथंच.

“चमकती बाजू तं एकदम साफ हाये,” मयुरा म्हणाली. “एक पण ओरखडा नाही.”

“डिस्कमधलं चित्र कुठं असतं, सांग बरं.”

“चमकते तिकडं.”

“चमकतं तिकडून ते वाचतात. पण असतं कुठं?”

मयुरानं खांदे उडवले. नत्थूजी उठून आत गेले आणि दाढीचा जुना आरसा घेऊन आले. त्याची मागची पत्र्याची पाठ केव्हाच निघाली होती. त्यांनी तिच्या हातात आरसा आणि कंपासपेटीतलं कर्कटक दिलं.

“समोरून ओरखड.”

तिनं कर्कटक काचेवर घासलं. काही झालं नाही.

“आता मागून.”

मागचा करडा रंग टोकाशी सोलून निघाला. मयुरानं आरसा फिरवून बघितला. तिच्या गालावर एक भोक होतं, आणि त्या भोकातून सरांची खिडकी दिसत होती.

“डिस्कचं तसंच असतं,” नत्थूजी म्हणाले. “चमकत्या बाजूला जाड प्लास्टिक. मुलामा असतो तो नावाच्या बाजूला, अगदी वरवर. त्याच्यावर वार्निशचा एक पातळ हात, बस. लोक खालची बाजू जपतात. नाजूक असते ती वरची.”

मयुरानं डिस्क अलगद कडेनं धरली आणि खिडकीकडं उचलली.

“सर, चांदण्या दिसून राहिल्या.”

नत्थूजी तिच्यामागं येऊन उभे राहिले. वरच्या बाजूला जितेंद्रनं मार्कर पेननं दामिनी असं लिहिलं होतं. त्या नावाच्या बरोबर खाली प्रकाशाचे ठिपके होते. काही सुईच्या टोकाएवढे, काही एकमेकांत मिसळून नखाएवढे झालेले. आणखी कुठंच काही नव्हतं.

“सगळ्या नावाखालीच हाये,” मयुरा म्हणाली. तिनं डिस्क डोळ्यांजवळ आणली. “अन् कडंकडंनं लाल हाये. पुसलं वाटते कोणी, पण राहिलं थोडं.” तिनं वास घेतला. “हळदीचा वास येते.”

नत्थूजी काही बोलले नाहीत. वर्गात ते असेच गप्प राहत. उत्तर मुलाच्या ओठावर आलं की मध्ये बोलायचं नाही, ते त्याचं त्याला सापडू द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय.

“आमची आई दसऱ्याले मिक्सरले कुंकू लावते,” मयुरा हळूहळू म्हणाली. “गाडीले लावते. माझ्या पुस्तकाले पण. भैय्याजी काकांच्या पान्यांले पण लावत असन. अन् हे देवाजवळ व्हतं, तं काकूनं हिले पण...” ती वळली. “दर दसऱ्याले लावलं, सर. ओलं कुंकू. म्हणून वरचं निघून गेलं.”

“हं,” नत्थूजी म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी मुलांच्या तोंडून बरोबर उत्तर येण्याची वाट बघितली होती. हे उत्तर या पोरीला सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जितेंद्रला फोन लावला. तो आता धरमपेठेत मोठ्या लग्नांची कामं घेत असे.

“सर, तुम्ही? बोला ना. पोट्ट्याचं लग्न तं मीच काढलं व्हतं, आता नातवाची मुंज काय?”

नत्थूजींनी दामिनीच्या डिस्कचं सांगितलं. मूळ कॅसेट कुठं असेल का, असं विचारलं.

“कॅसेट?” जितेंद्र हसला. “सर, तवा एका कॅसेटीवर आम्ही आठ-आठ लग्नं लावत व्हतो. पहिलं पुसायचं, दुसरं घ्यायचं. त्या कॅसेटीवरचे लोक आतापर्यंत सासू-सासरे झाले असन.” मग त्याचा सूर बदलला. “ते दवाखाना खेळणारी पोट्टी ना? कूलरचा पाइप गळ्यात घालून?”

“तीच.”

“मले आठवते, सर. नाही जी. काहीच नाही राहिलं माझ्याजवळ.”

अंकितनं मागं एकदा एक प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये टाकून दिला होता. जो भाग वाचता येत नाही तो सोडून तो पुढं जायचा आणि मिळेल तेवढं जमा करायचा. नत्थूजींनी तो सुरू केला. दुपारभर डिस्क कुरकुरत राहिली. मयुरा शाळेतून आली तेव्हा पट्टी शेवटाला टेकली होती. दोघांनी ते एकदा पाहिलं. पाहून झाल्यावर मयुरा वही उघडून बसली आणि तिनं न सांगता तीन गणितं सोडवली.

संध्याकाळी पंचफुलाबाई आल्या. त्यांनी वाटीभर शंकरपाळे आणले होते.

“निघाली काय जी?”

“थोडी निघाली. सुरुवातीचं निघालं, अगदी शेवटचं निघालं. मधलं नाही वाचता आलं.”

“आवाज?”

“एक वाक्य आहे.”

पंचफुलाबाईंनी वाटी टेबलावर ठेवली. नीट मध्यभागी सरकवली. मग त्यांनी विचारलं, “काहून खराब झाली असन, गुरुजी?”

त्या कॉम्प्युटरकडं बघत नव्हत्या. नत्थूजींच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. मयुराची पेन्सिल थांबली.

“या डिस्क मुळातच कच्च्या असत,” नत्थूजी म्हणाले. “त्या वेळी असाच माल मिळायचा. काहींचं नशीब, टिकल्या. ही नाही टिकली.”

“कच्ची व्हती.”

“हो. कच्चीच.”

पंचफुलाबाईंनी मान हलवली. “यायले घेऊन येतो,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

भैय्याजी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून. कोणाच्या तरी घरी बैठकीला आल्यासारखे. नत्थूजींनी खुर्ची पुढं केली, पण ते दाराच्या चौकटीशीच उभे राहिले. एक पाय उंबरठ्यावर, एक आत. पंचफुलाबाई त्यांच्या मागं.

“बसा ना.”

“बरा हाये मी येथंच. लावा तुम्ही.”

पडद्यावर उन्हाळ्यातलं अंगण आलं. कूलरच्या ओल्या जाळीतून पाणी झिरपत होतं, आणि कॅमेरा आधी बराच वेळ ते पाणीच दाखवत राहिला. मग पोरं आली. कोणाच्या हाताला पट्टी, कोणाच्या डोक्याला. शेवटी एक मुलगी आली, दोन वेण्या, लाल रिबिनी. बापाचा पांढरा शर्ट तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. गळ्यात कूलरचा पारदर्शक पाइप, आणि त्याच्या टोकाला बाटलीचं झाकण. खाटेवर तरुण भैय्याजी पोट धरून विव्हळण्याचं सोंग करत पडले होते. मुलीनं झाकण त्यांच्या छातीवर ठेवलं, दुसरं टोक कानाला लावलं, आणि कपाळावर आठी आणून, पुस्तकातल्यासारख्या मराठीत विचारलं,

“कुठे दुखतंय तुम्हाला?”

खाटेवरच्या माणसानं तोंड उघडलं आणि चित्र फाटलं. हिरवे-गुलाबी चौकोन एकमेकांवर चढले. खरखर झाली, तीही थांबली. बराच वेळ चौकोनच हलत राहिले. मग चित्र पुन्हा स्वच्छ झालं. खाट रिकामी होती. कूलर चालू होता. डिस्क संपली.



“पुन्हा लावा,” भैय्याजी म्हणाले.

नत्थूजींनी पुन्हा लावली. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी भैय्याजी उंबरठ्यावरचा पाय आत घेऊन पडद्याजवळ आले.

“बारीक हाये,” ते म्हणाले. “मी भारी आवाज शोधत व्हतो.”

“तो नंतरचा,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “मोठी झाल्यावरचा. हा लहानपणचा.”

“डाक्टरीण कशी बोलते पाह्य. बापाले ‘तुम्हाला’ म्हणून राहिली.” ते हसले, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं. “वार्डातल्या म्याडमसारखी. ते अशीच म्हणे ना वं? कुठे दुखतंय म्हणे. सगळं अंग दुखे पोरीचं, काय सांगन ते.”

त्यांनी पडद्यावरच्या थांबलेल्या चौकोनांना बोट लावलं.

“अन् मी काय म्हटलं? मी काहीतरी म्हटलं व्हतं. आठवून नाही राहिलं.”

नत्थूजींनी पंचफुलाबाईंकडं पाहिलं. 

“तुम्ही म्हटलं,” पंचफुलाबाई मागून म्हणाल्या, “पोटात दुखून राहिलं डाक्टरीणबाई. बायकोनं लय भजे चारले.”

“असं म्हटलं मी?”

“हो. मंग तिनं तुम्हाले गोळी देली. खडूची. तुम्ही खरंच चावून खाल्ली, अन् तोंड पांढरं झालं. पोट्टे लोळून लोळून हसले. जितेंद्रचा कॅमेरा हालला, तोही हसून राहिला व्हता.” त्या दाराच्या चौकटीला धरून बोलत होत्या, पडद्याकडं न बघता, एखादं पाठ असलेलं म्हणावं तसं. “मंग तुम्ही म्हटलं, सुई देता काय बाई, मले सुईचं भेव वाटते. तं ते म्हणे...”

“काय म्हणे?”

“म्हणे, घाबरू नका. आमच्या दवाखान्यात सुई नाही देत कोणाले.”

भैय्याजींनी मागं हात करून खुर्ची चाचपली आणि बसले. इतक्या वर्षांत तिचा आवाज आला आणि ते बाहेर गेले नाहीत, असं हे पहिल्यांदाच झालं असावं. पंचफुलाबाई जवळ आल्या आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“पुन्हा लावता काय जी?” भैय्याजींनी विचारलं. “तेवढंच. कुठे दुखतंय तेवढंच.”

ते दोघं गेल्यावर मयुरा दप्तर भरत बसली. एकेक वही आत टाकत होती आणि बाहेर काढत होती.

“सर, तुम्ही काकूले खोटं सांगितलं.”

“हो.”

“तुम्हीच म्हणता, उत्तर माहीत असलं तं लपवू नाही. त्यांनी विचारलं ना, काहून खराब झाली म्हणून.”

“विचारलं.”

“मंग?”

नत्थूजी खिडकीशी गेले, परत आले. चौथीच्या मुलांनी त्यांना एकदा विचारलं होतं, आकाश कुठं संपतं. त्याचंही उत्तर त्यांनी काही ना काही दिलं होतं.

“तू सांगितलं असतं?” त्यांनी विचारलं.

मयुरानं बराच विचार केला. “मी म्हटलं असतं, काकू, तुम्ही चांगल्या मनानं लावलं.”

“मग त्या घरी गेल्या असत्या, आणि ते लावलेलं बोट सोबत घेऊन गेल्या असत्या. रोज त्याच बोटानं स्वयंपाक करायचा, त्याच बोटानं देवाला कुंकू लावायचं.” ते थांबले. हे बोलणं त्यांना स्वतःलाच पुरं वाटलं नाही. “मला नाही सांगता आलं, मयुरा. बरोबर केलं की नाही, ते मलाही माहीत नाही.”

सरांना माहीत नाही असं काही असतं, याचं मयुराला नवल वाटलं असावं. तिनं दप्तराची चेन लावली.

“दुसरी प्रत माझ्याजवळ पण देता काय?” तिनं विचारलं. “म्हणजे तिसरी. आमच्या घरी. आमचं घर दुसऱ्या माळ्यावर हाये, पाणी नाही शिरत.”

दसऱ्याच्या संध्याकाळी नत्थूजी आपट्याची पानं घेऊन भैय्याजींकडं निघाले. मयुराही सोबत आली. नव्या फ्रॉकच्या ओच्यात तिनं पानं धरली होती.

भैय्याजी फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सोनं देत होते. “सोन्यासारखे राहा गा,” असं म्हणत होते, आणि त्यांचा आवाज नत्थूजींना मोठा वाटला. “आत जा गुरुजी, पूजा चालूच हाये. आलोच मी.”

शेडखाली धुतलेल्या फरशीवर लांब पाट मांडला होता. त्यावर नट फिरवायचे पाने, पेचकस, हातोडी, तारांचं रीळ, मोटार भरायचं यंत्र अशी सगळी हत्यारं पुसून ठेवली होती. पंचफुलाबाई वाकून एकेकाला हळद-कुंकू लावत होत्या. पाण्यात कालवलेलं कुंकू. लोखंडावर ते टपोरं दिसत होतं. पाटाच्या टोकाला लाल फडक्याची घडी, तिच्यावर ती डिस्क आणि एक स्टीलची लहान डबी. डबीत काय आहे ते नत्थूजींना ठाऊक होतं. दामिनीच्या प्रतीचा पेन ड्राइव्ह त्यांनीच तिच्यात घालून दिला होता.

मयुरानं नत्थूजींचा हात धरला.

पंचफुलाबाईंनी शेवटच्या पान्याला कुंकू लावलं. बोट पुन्हा वाटीत बुडवलं, डबीवर आणलं, आणि ते तिथंच हवेत थांबलं. मग त्यांनी ते सावकाश खाली नेलं आणि डबीच्या समोर पाटाच्या लाकडावर टेकवलं.

“लाकडाले काही होत नाही,” त्या म्हणाल्या.

फाटकाशी भैय्याजी कोणाची तरी थट्टा करत होते. पंचफुलाबाईंनी तिकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तुमच्याकडं आणाच्या आधी पुसली व्हती मी तिले, गुरुजी. म्हटलं, कुंकू लागलेली कशी नेऊ. ओलं फडकं फिरवलं, तं कुंकवासंगं चमकीही निघून आली. फडक्याले लागली.” त्यांनी वाटी सरळ केली. “यायले नका सांगू जी.”

 मयुरा त्यांच्याकडं बघत होती.

“काय सांगायचं?” ते म्हणाले. “डिस्कच कच्ची होती, पंचफुलाबाई.”

“हो,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “कच्चीच व्हती.”

त्यांच्या बोटाला अजून कुंकू होतं. ते पदराला पुसायला त्यांनी हात नेला, मग थांबल्या. “ये वं इकडं,” त्या मयुराला म्हणाल्या. मयुरा पुढं झाली. पंचफुलाबाईंनी डाव्या हातानं तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि उरलेलं कुंकू तिच्या कपाळाला लावलं. पोरगी डोळे मिटून, न हलता उभी राहिली.